शेजारची जत्रा

दर वर्षी श्रावण सरत आला की मिरजेहून आईचा फोन येतो आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो, "गणपती बसवणार ना रे तिकडे?" मीही दर वर्षी त्याच उत्साहाने सांगतो, की हो, बसवणार. मोदक बायको करणार आहे, साचा गेल्या खेपेला नेलाच होता. शनिवारी मंडळाचा गणपती, तिथे ढोल आहेत, लेझीम आहे, लहान मुलांचं नाटुकलं आहे. आईला बरं वाटतं. मामा, मावशी, शाळेतले मित्र, सगळे हेच विचारतात. दिवाळीला फराळ मिळतो का? गुढी उभारता का? परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाची ही एक वार्षिक तोंडी परीक्षाच असते म्हणा ना, आणि तिच्यात आम्ही सगळे बहुधा चांगल्या मार्कांनी पास होतो.

एक प्रश्न मात्र इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नाही. "आणि तिथल्या लोकांचं काय असतं रे?" विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं तेही सांगून टाकतो. "काही नाही. सेल असतो."

हे उत्तर साफ चुकीचं होतं. ते मला बाबांमुळे कळलं. पण त्याआधी हवाईबद्दल सांगायला हवं.

पीएचडी संपवून इथे चँडलरमध्ये नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी एका परिषदेच्या निमित्ताने होनोलुलूला जायला मिळालं. परिषद तीन दिवसांची होती, आम्ही राहिलो आठवडाभर (संशोधन क्षेत्रात ही प्रथा जुनी आहे!). त्या आठ दिवसांत आम्ही जे जे म्हणून स्थानिक होतं ते सगळं पाहिलं. गळ्यात फुलांच्या माळा घालून घेतल्या. जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेल्या डुकराची मेजवानी तिकीट काढून पाहिली आणि स्वतः अननस खाल्ला. हुला नाच पाहिला, उकुलेले ऐकलं. उकुलेले हे इवलंसं तंतुवाद्य हवाईचं म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, पण ते मूळचं हवाईचं नाहीच. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करायला मजुरांचं जहाज आलं, त्यातल्या सुतारांनी ते आणलं. हुलाची कथा तर त्याहून मोठी. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली तो जाहीरपणे करायला बंदी झाली होती. पुढे कालाकाउआ राजाने त्याला पुन्हा मानाने दरबारात आणलं. त्याच्याच टोपणनावाने आज हिलो गावात ईस्टरनंतरच्या आठवड्यात 'मेरी मोनार्क' महोत्सव भरतो. मला हे सगळं इतकं आवडलं की परतीच्या विमानात मी बायकोला पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि चँडलरचं काय आहे?"

मी गप्प. चार वर्षं झाली होती इथे. इथल्या एकाही वाद्याचं नाव मला सांगता येईना. प्रवासी माणूस यादी हातात घेऊन गावात शिरतो आणि रहिवासी माणूस शनिवारी गॅरेज साफ करतो, एवढाच काय तो फरक. जिथे आपण पाहुणे असतो तिथलं सगळं पाहतो आणि जिथे राहतो तिथलं काहीच नाही.

तर आधी चँडलर. अ‍ॅरिझोना राज्यात फीनिक्सला लागून आग्नेयेला हे गाव आहे. मुळात वाळवंट. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे इथला सणासुदीचा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. आपल्या जत्रा पिकं निघाल्यावर भरतात, इथल्या ऊन उतरल्यावर भरतात. हे गाव १९१२ साली वसवलं डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर या गृहस्थाने. हा डॉक्टर माणसांचा नव्हे, गुरांचा! त्या काळात बायकांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसं लावायची फॅशन होती आणि या भागात शहामृगं पाळून पैसा करायचे. पुढे पहिलं महायुद्ध आलं, टोप्यांची फॅशन गेली आणि तो धंदा बसला. गाव कापसाकडे वळलं, आता ते सिलिकॉनच्या चिपांवर जगतं. पण १९८९ पासून इथे वसंतात 'ऑस्ट्रिच फेस्टिवल' सुरू झाला, म्हणजे शब्दशः शहामृगांचा उत्सव. वर्षानुवर्षं तो शहामृगांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध होता.

दुसरी गंमत नाताळची. वाळवंटात सूचिपर्णी झाडं कुठून आणणार? म्हणून १९५७ पासून हे गाव टंबलवीडचा ख्रिसमस ट्री उभारतं. टंबलवीड म्हणजे ते इंग्रजी काउबॉयपटांत निर्जन रस्त्यावरून गडगडत जाणारं वाळकं काटेरी झुडूप. तशी हजारभर झुडपं गोळा करायची, जाळीच्या सांगाड्यावर रचायची, पांढरा रंग मारायचा, वर चमकी टाकायची, दिवे सोडायचे आणि चौकात तीसेक फुटी झाड उभं करायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. घरी फोन करून सांगितलंही होतं की, "यांच्याकडे संस्कृती नाही, मग हे असलं काहीतरी करतात."

पुढे कळलं की हे टंबलवीडही इथलं नव्हे. ते १८७० च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून डाकोटात उतरलं आणि गडगडत गडगडत सगळ्या पश्चिमेत पसरलं. थोडक्यात, विनाव्हिसा आलेला एक परदेशी! त्याला या गावाने भर चौकात उभं करून दिवे लावले. माझं हसू तिथे जरा आटलं.

आणि 'यांच्या परंपरा कालपरवाच्या' या आक्षेपाबद्दल बोलायचं तर, आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी १८९३ चा आहे आणि ज्याच्याशिवाय पुण्याची थंडी सुरू होत नाही तो सवाई गंधर्व महोत्सव १९५३ चा. टंबलवीडच्या झाडापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठा. प्रत्येक परंपरेचं कधीतरी पहिलं वर्ष असतंच की. त्या वर्षीही कुणीतरी हसलं असेलच.

असो. आता बाबा.

बाबा शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले. पण त्यांची खरी ओळख पेटीवाले. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात ते चाळीसेक वर्षं पेटी वाजवत आहेत. मिरजेत हे काही विशेष नाही, सतारी आणि तंबोरे जिथे बनतात त्या गावात प्रत्येक गल्लीत एखादा कानसेन असतो. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे रात्रभर बसण्यात बाबांचा आयुष्यभर नेम चुकलेला नाही. असा माणूस सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आला आणि पंधरा दिवसांत कोमेजला. ज्यांचे आईवडील इकडे येऊन गेले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. घर मोठं, टीव्हीवर मराठी चॅनेल, फ्रीज भरलेला, आणि खिडकीबाहेर एक माणूस दिसत नाही. आम्ही त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवलं, दोन मॉल दाखवले, कॉस्टको दाखवलं. बाबा प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणाले आणि घरी येऊन झोपले.

ऑस्ट्रिच फेस्टिवललाही नेलं. गर्दी, पाळणे, तळणीचे वास, बँडचा दणदणाट बघून ते जरा खुलले. म्हणाले, "ही जत्राच की रे." पण तासाभराने म्हणाले, "यात देव कुठाय ते सोड, पण यजमान कोण आहे?" मला उत्तर देता आलं नाही. दाराशी तिकीट, आत दुकानं, वेळ संपली की सगळे गाडीत. मजा होती, पण कुणाच्या घरी गेल्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने सांगितलं, "तुझ्या वडिलांना संगीत आवडतं ना, मग आमच्या जत्रेला आण." तो गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीतला. हे आदिवासींचं राखीव क्षेत्र चँडलरच्या हद्दीला लागूनच सुरू होतं. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथे मी आजवर एकदाही गेलो नव्हतो. त्यांचं मुख्य गाव सॅकटन, आणि तिथे दर वर्षी 'मल-चू-था' नावाची जत्रा भरते. खेळ असतात, रोडिओ असतो, नाच असतात आणि संध्याकाळनंतर 'वाइला'.

वाइला हे इथल्या ओ-ओदम लोकांचं नाचाचं संगीत. शब्द स्पॅनिश 'बाइले' म्हणजे नाच, त्यावरून आला. बाज युरोपातल्या पोल्काचा, जो जर्मन आणि मेक्सिकन लोकांकडून इकडे पोचला. अ‍ॅकॉर्डियन, सॅक्सोफोन, गिटार, ड्रम. बहुतेक वेळा गाणारा कुणी नसतो, नुसती वाद्यं. लोक जोडीने हळूहळू पावलं सरकवत गोल फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने. पूर्वी असे नाच रात्र रात्र चालत, उजाडेपर्यंत. आपल्या जागरासारखंच.

बाबा पहिली दहा मिनिटं नुसते अ‍ॅकॉर्डियनवाल्या म्हाताऱ्याच्या बोटांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, ही पेटीच आहे. भाता फक्त छातीवर बांधलाय."

मध्यंतरात ते सरळ उठून त्या म्हाताऱ्यापाशी गेले. बाबांचं इंग्रजी शाळामास्तरी आणि समोरचा माणूस मुळातच कमी बोलणारा. मी दुभाष्याचं काम करायला पोचेपर्यंत बाबांच्या गळ्यात अ‍ॅकॉर्डियन आलेलं होतं! त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने बोटं ठेवली आणि फजिती झाली. त्या वाद्याला पेटीसारख्या पट्ट्या नसतात, गोल बटणं असतात, आणि एकच बटण दाबून भाता आत ढकलला तर एक सूर, बाहेर ओढला तर दुसरा. चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला सा कुठे आहे हेच सापडेना. बाबा हसत सुटले, तो म्हाताराही हसत सुटला. त्याने मग बाबांचं बोट धरून एका बटणावर ठेवलं, जसं बाबा आमच्या गल्लीतल्या पोरांचं ठेवतात. तेवढ्यात एका आजीबाईंनी आईला हात धरून नाचात ओढलं. नऊवारी नव्हे पण पाचवारी नेसलेली, पायात माझ्या बायकोचे स्पोर्ट्स शूज घातलेली माझी आई सॅकटनच्या मैदानात एक पूर्ण फेरी मारून आली.

आम्ही तिथे गरमागरम फ्राय ब्रेड खाल्ली. आपल्या भटुऱ्याचीच बहीण, वर मध. (बाबांनी तेल कसलं आहे ते आधी विचारून घेतलं. मध्यमवर्गीय मिरजकर जगाच्या कुठल्याही टोकाला मिरजकरच राहतो.) खाताना माझा सहकारी सहज बोलता बोलता काही गोष्टी सांगून गेला. ही रोटी मूळची त्यांची नव्हे. जमिनी गेल्या, शेती गेली, तेव्हा सरकारी रेशनमध्ये मिळणाऱ्या मैद्यातून आणि चरबीतून ती जन्मली. सॅक्सोफोनही असाच आला. आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घालत, तिथे त्यांना स्वतःची भाषा बोलू देत नसत, पण बँडमध्ये मात्र उभं करत. फीनिक्सची तसली शाळा १८९१ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद. पोरं सुटीत घरी आली ती बँडमधली वाद्यं शिकून, आणि घरच्यांनी त्या वाद्यांवर स्वतःचा नाच बसवला.

आणि पाणी. या लोकांचं स्वतःचं नाव आकिमेल ओ-ओदम, म्हणजे 'नदीची माणसं'. शतकानुशतकं हे गिला नदीच्या पाटांवर शेती करत होते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतींनी पाणी वळवलं आणि खाली नदी कोरडी पडली, उपासमार झाली. त्या पाण्यावरचा त्यांचा हक्क मान्य करणारा मोठा कायदा यायला २००४ साल उजाडलं. कृष्णाकाठचे बाबा हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मीही नाही. चिप बनवायला अतिशुद्ध पाणी किती लागतं हे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. या भागात पाण्याचा प्रत्येक थेंब कुणाचा तरी आहे, हे मात्र मला त्या जत्रेत कळलं.

एवढ्यावरून माझं मत काय झालं ते सांगतो. ते माझ्या इथल्या मित्रांना फारसं रुचत नाही, तुम्हालाही रुचेलच असं नाही.

आम्ही इथे आपली संस्कृती जपतो याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावाच. माझी मुलगी अथर्वशीर्ष म्हणते, मला बरं वाटतं. पण संस्कृती जपणं आणि दार लावून घेणं यांतली रेघ आम्ही बऱ्याचदा विसरतो. "वेळ कुठे आहे?" म्हणतो, पण तालमींना वेळ असतो. "मुलं इकडचीच होऊन जातील" म्हणतो, पण मुलं शाळेत दिवसाचे सात तास इकडचीच असतात. आपण न गेल्याने त्यांना इकडचं फक्त मॉलवालं रूप दिसतं, इतकंच. "ते आपलं नाही" म्हणतो, आणि ज्या पेटीवर आपली अर्धी नाट्यगीतं आणि अख्खी भजनं उभी आहेत ती युरोपातून आली हे सोयीस्करपणे विसरतो. याच पेटीवर १९४० पासून जवळजवळ तीस वर्षं आकाशवाणीवर बंदी होती, परकी म्हणून, श्रुती लागत नाहीत म्हणून. भजनी मंडळांनी तिकडे लक्ष दिलं नाही, म्हणून बरं. पेटी आपली झाली, उकुलेले हवाईचं झालं, अ‍ॅकॉर्डियन ओ-ओदम लोकांचं झालं. कारण कुणीतरी परक्याचं वाद्य हातात घेऊन स्वतःचं गाणं वाजवून पाहिलं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त टोचते. आमच्या मंडळाच्या गणपतीला मी माझ्या शेजाऱ्याला कधी बोलावलं होतं? एकदाही नाही. त्याला ढोल ऐकू येतात की नाही याची काळजी केली, पार्किंगची तक्रार करील का याची केली, पण "ये, प्रसाद घे" म्हटलं नाही. सॅकटनच्या लोकांना पाणी, भाषा, जमीन सगळ्याचा हिशोब मागायचा हक्क आहे. तरी त्यांनी माझ्या आईला हात धरून नाचात घेतलं. बाबांनी विचारलेल्या 'यजमान कोण' या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. त्यानंतर आमच्याकडे दर गणपतीत शेजारी येतात. आरतीला टाळ्या चुकीच्या ठेक्यात वाजवतात, मोदक मात्र बरोबर खातात.

आणि तुम्ही तिकडे आहात म्हणून यातून सुटलात असं नाही बरं का! पुण्यात, मुंबईत, सांगली-मिरजेत आज देशभरातून आलेली माणसं राहतात. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी संध्याकाळी नदीकाठी, तळ्याकाठी सुपं घेऊन पाण्यात उभ्या राहणाऱ्या बिहारी बायका तुम्ही पाहिल्या असतील. गर्दी होते म्हणून कुरकुर केली असेल, कुणी त्यावरून राजकारणही केलं असेल. पण तुमच्या इमारतीत फरशा बसवणाऱ्याला कधी विचारलंत का, की "तुमच्याकडे छठला काय करतात रे?" मी पुण्यात चार वर्षं शिकलो, मेसमध्ये माझं ताट ज्याने रोज वाढलं त्याला मी कधी विचारलं नाही. तेव्हा हा दोष परदेशात आल्यावर लागलेला नाही, इथे तो फक्त नीट दिसला.

बाबा मिरजेला परत गेल्यावर पंधरा दिवसांनी फोन आला. भजनी मंडळात त्यांनी सॅकटनची सगळी हकीकत सांगितली होती. आत ढकलला की एक सूर, बाहेर ओढला की दुसरा, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. मग म्हणाले, "बरं, त्या म्हाताऱ्याचं नाव काय रे? सगळे विचारतायत."

मी नाव विचारलंच नव्हतं. फोटो मात्र ढीगभर काढले होते, परवानगी घेऊन.

पुढच्या वर्षी परत गेलो, नाव विचारलं आणि बाबांना कळवलं. आता आईच्या फोनमधल्या त्या वार्षिक परीक्षेत एक जादा प्रश्न आला आहे. गणपती, दिवाळी, फराळ, गुढी सगळं विचारून झालं की मागून बाबांचा आवाज येतो, "आणि त्यांची जत्रा कधी आहे म्हणाला?"